वडिलांच्या निधनानंतर वकील कंपनीच्या जीएसटी खात्याचा पासवर्ड देत नाहीत

प्रश्न : नाशिकला एमआयडीसीत आमची लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वडील, आई आणि मी असे तिघे संचालक होतो. जीएसटीचं सगळं काम वडिलांच्या ओळखीचे एक वकील बघत. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेलही त्यांचाच दिलेला आहे. काही महिन्यांपूर्वी वडील गेले. आता आमची बिलं जीएसटीआर-२बीमध्ये (खरेदीवरच्या कराची वजावट घेण्यासाठी गिऱ्हाइकाला पोर्टलवर दिसणाऱ्या तक्त्यात) दिसत नाहीत म्हणून गिऱ्हाइकांनी पेमेंट अडवलं आहे. वकील म्हणतात, ‘मला तुमच्या वडिलांनी नेमलं होतं, तुम्ही कोण? आधी मागची फी द्या, मग पासवर्ड आणि फाइल.’ जीएसटी नोंदणीत वडिलांचं आणि आईचं नाव आहे, माझं नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, वकिलांकडे पासवर्ड मागत बसू नका. जीएसटी खातं कंपनीचं आहे आणि ते वकिलांना बाजूला ठेवून परत मिळवण्याची सोय जीएसटी विभागाकडेच आहे. फीचा वाद खरा असो वा खोटा, तो वेगळा चालू द्या. हे दोन विषय एकत्र बांधले गेले की नुकसान कंपनीचं होतं, कारण मुदती कोणासाठी थांबत नाहीत.

सर्वात आधी नुकसान किती झालंय ते बघा. त्याला पासवर्ड लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये कंपनीचा जीएसटी क्रमांक टाका. कोणत्या महिन्याचं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते तिथं कोणालाही दिसतं. त्याच पानावर तुमचं कार्यक्षेत्र कोणतं, म्हणजे राज्य जीएसटीचं कोणतं कार्यालय आणि केंद्राची कोणती रेंज, हेही कळेल. दोन्हीची प्रिंट काढून ठेवा.

२बीमध्ये बिलं दिसत नाहीत याचा अर्थ जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरलेलं नाही किंवा तुमची बिलं त्यात घातलेली नाहीत. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं सारांश रिटर्न, तेही राहिलं असेल तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार शून्य असेल तर २० रुपये) आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज चालू असतं. लागोपाठ दोन महिन्यांचं ३बी राहिलं की माल पाठवताना लागणारं ई-वे बिल काढणं बंद होतं, आणि मासिक रिटर्न सलग ६ महिने राहिलं तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. मला याहून जास्त काळजी नोटिशींची वाटते. नोटीस पोर्टलवर टाकणं ही जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे ती बजावण्याची एक मान्य रीत आहे. म्हणजे कंपनीच्या नावानं आदेश निघून पोर्टलवर पडलेला असेल आणि तुम्ही तो पाहिलाही नसेल. अपिलाची मुदत ३ महिने आहे, सबळ कारण असेल तर फार तर आणखी १ महिना. रिटर्न न भरल्यामुळे अधिकाऱ्यानं अंदाजानं कर ठरवला असेल, तर तो आदेश बजावल्यापासून ६० दिवसांत रिटर्न भरल्यास आदेश आपोआप मागे घेतल्यासारखा होतो. हा फायदा हातचा जाऊ देऊ नका.

आता मुख्य काम. सल्लागारानं स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकून ठेवल्याच्या तक्रारी जीएसटी सुरू झाल्यावर इतक्या आल्या की २०१८ मध्ये सरकारनं यासाठी रीतसर मार्ग काढला. तुमच्या कार्यक्षेत्राच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. अर्ज करणारी व्यक्ती त्या नोंदणीत संचालक किंवा अधिकृत स्वाक्षरीकर्ता आहे का, हे अधिकारी तपासतो, पुरावे पोर्टलवर चढवतो, नवा ईमेल आणि मोबाइल नोंदवतो आणि पासवर्ड रीसेट करतो. तात्पुरता पासवर्ड नव्या ईमेलवर येतो. वकिलांची संमती कुठंही लागत नाही.

नोंदणीत तुमचं नाव नाही, आईचं आहे. म्हणून अर्ज आईच्या सहीनं करा आणि अधिकाऱ्यासमोर आईंना घेऊन जा. बऱ्याच घरांत आई फक्त कागदावर संचालक असतात आणि अशा वेळी मुलगी एकटीच कार्यालयात जाते, मग ‘नोंदणीत नाव नाही’ म्हणून परत येते. तुमचा हेलपाटा वाचावा म्हणून हे मुद्दाम सांगते. अर्जासोबत कंपनीचं स्थापना प्रमाणपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईंचं पॅन आणि आधार, जागेचा पुरावा आणि संचालक मंडळाचा ठराव जोडा. ठरावात तीन गोष्टी हव्यात : जीएसटी आणि प्राप्तिकराची कामं आईंनी आणि तुम्ही पाहावीत, जुन्या वकिलांचा अधिकार अमुक तारखेपासून संपला, आणि त्यांनी सर्व कागद कंपनीला परत करावेत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. खातं हाती आलं की तुमचं नाव संचालक म्हणून घालण्याची दुरुस्ती लगेच करा.

‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचं उत्तरही त्या ठरावातच आहे. वकिलांचा पक्षकार कंपनी होती, तुमचे वडील व्यक्तिशः नव्हते. वडिलांनी त्यांना नेमलं ते संचालक म्हणून. वडील गेले तरी कंपनी आहे, आणि तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार आज तुम्हा दोघींना आहे.

एक गोष्ट तातडीनं तपासा. वडिलांची डिजिटल सही, तो यूएसबी टोकन, कोणाकडे आहे? बहुतेक कंपन्यांत तो सल्लागाराच्या खणात पडलेला असतो. वडिलांच्या निधनानंतर त्या सहीनं काही भरलं गेलं असेल तर ते गंभीर आहे. गेलेल्या माणसाची सही दुसऱ्या कोणी वापरायची नसते. ज्या संस्थेनं ते प्रमाणपत्र दिलं तिला मृत्यूचा दाखला पाठवून ते रद्द करून घ्या. आईंचा किंवा तुमचा टोकनही त्यांच्याकडे असेल तर तोही रद्द करा आणि नवा काढा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ आपली डिजिटल सही सांभाळण्याची जबाबदारी सहीच्या धन्यावरच टाकतं.

फाइल अडवून ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं ९७,१०० रुपये फी थकली म्हणून बँकेच्या फायली परत दिल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, आणि मागूनही न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी वसूल करायला त्यांना दिवाणी न्यायालय मोकळं आहे.

तेव्हा ठरावाची प्रत जोडून स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं एक पत्र पाठवा. भाषा सौम्य ठेवा, धमकी नको. खरेदी-विक्रीची बिलं, भरलेली रिटर्न्स, चलनं, आलेल्या नोटिसा आणि सगळे टोकन ७ दिवसांत परत मागा. कागद मिळाले नाहीत तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्याआधी ते खरोखर सनदधारक वकील आहेत का याची खात्री करून घ्या. विक्रीकराच्या काळापासून करसल्लागाराला सरसकट ‘वकील साहेब’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सनद नसेल आणि ते जीएसटी प्रॅक्टिशनर असतील तर तक्रार जीएसटी विभागाकडे जाते, सीए असतील तर त्यांच्या इन्स्टिट्यूटकडे.

ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये ठरवलं आहे. पोलिसांत जाण्याची घाईही आज नको. वडिलांच्या सहीचा वापर किंवा पैशांची अफरातफर दिसली तर तो मार्ग आहेच. आणि ‘जुना नंबर सोडा, नवीन जीएसटी काढा’ असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. जुनी देणी तशीच राहतात, आणि रिटर्नमधल्या मजकुराची जबाबदारी कलम ४८ प्रमाणे शेवटी कंपनीचीच असते, भरणारा कोणीही असो.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर आणि टीडीएसच्या टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लॉगिनवरही वकिलांचाच नंबर आहे का, ते याच आठवड्यात पाहा. प्राप्तिकराच्या खात्यात संचालकाची डिजिटल सही आधीच नोंदलेली असेल तर तिच्या मदतीनं नवा पासवर्ड घेता येतो.

राहिली फी. त्यांनी काम केलं असेल तर त्यांचे पैसे बुडवू नका. कोणत्या महिन्याच्या कोणत्या कामाची किती, असं लेखी बिल मागवा. जेवढं पटतं तेवढं बँकेतून पाठवा आणि उरलेल्या रकमेबद्दल हरकत का आहे ते त्याच ईमेलमध्ये लिहा. मात्र ‘पासवर्ड मिळाल्यावर देऊ’ अशी अट तुमच्याकडूनही घालू नका.