शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याला खरोखर काही अधिकार असतात का, की केवळ सह्या करायच्या असतात?

अधिकार असतात, मात्र कोऱ्या पानावर सही केली की ते तिथेच संपतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमची निवड झाली आहे आणि खर्चात व मुलांच्या सोयींत तुमचे म्हणणे चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतली पालक असून आमच्या शाळेच्या समितीवर दोन वर्षे सदस्य होते. पहिल्याच सभेत माझ्यासमोर इतिवृत्ताची वही ठेवण्यात आली. वर तारीख, खाली सदस्यांची नावे आणि मधले दीड पान कोरे. ‘‘सही करून ठेवा, मजकूर नंतर लिहू,’’ असे सांगितले गेले आणि मी सही केली. त्या सहीचे मला आजही वाईट वाटते, कारण त्याच कोऱ्या जागेत पुढे दर्शनी भिंत रंगवण्याचा ठराव उतरला आणि मे महिन्यात कौले परतायची राहून गेली.

आमचा पट अठ्ठावीस होता. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. उरलेल्या पैशांत रंग आणि छप्पर दोन्ही होत नाही. जुलैत पोषण आहाराच्या तांदळाचे पोते बाकावर चढवावे लागले आणि तिसरी-चौथीची मुले पाटीवर ठिबकणारे पाणी बाहीने पुसत एका कोपऱ्यात दाटीने बसली. समोरच्या भिंतीवर नवे कोरे फुलपाखरू होते.

त्याच पावसात व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, वाडीतली सहा मुले वरचेवर गैरहजर राहू लागली, तेव्हा सभेत ‘पालकांची अनास्था’ असा शेरा आला. मी हजेरीपट मागून घेतला आणि तारखा उतरवून काढल्या. सहाही मुले नेमकी त्याच त्या दिवशी एकत्र गैरहजर होती, आणि ते सगळे दिवस व्हाळ भरून साकवावरून, म्हणजे त्यावरच्या लहान पुलावरून, पाणी गेल्याचे होते. तो कागद मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचला. पुढच्या पावसाआधी ग्रामपंचायतीने साकवाला कठडा बांधला आणि उखडलेला भाग दुरुस्त केला. अतिवृष्टीच्या दिवसांचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्या दिवशी मुलांना घरी ठेवणेच योग्य.

समितीचे अध्यक्ष माझे चुलत दीर होते. घरच्या सुनेने चारचौघांत हिशेब मागितला, याचा त्यांना राग आला, आणि गणपतीत मुंबईहून आलेल्या भावकीसमोर त्यांनी तो बोलून दाखवला. भावोजी, त्या वेळी मी खाली मान घालून मोदक वळत राहिले, म्हणून आज येथे लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे समितीचे कामच आहे. हिशेब विचारायचा नसेल, तर त्या स्त्रियांना चहा करण्यासाठी निवडून दिले आहे काय? खात्यावर अध्यक्षांची सही चालते म्हणून पैसा अध्यक्षांचा होत नाही.

तुम्ही शाळा विकास आराखडा पाहायला मागा. कलम २२ प्रमाणे तो समितीनेच तयार करायचा असतो, आणि प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचा उतरवलेला असतो. छप्पर, वाट, गैरहजर मुले हे त्यात लिहिले गेले, तर वर मागणी करताना हातात कागद राहतो.

मुख्याध्यापकांना मात्र शत्रू समजू नका. आमच्या गुरुजींवर दोन वर्ग आणि अहवालांचे ओझे होते; कोरे पान ही त्यांची सवय होती, लबाडी नव्हती, हे मला उशिरा कळले. शाळा खासगी अनुदानित असती, तर तेथे समितीची भूमिका केवळ सल्ल्याची असते आणि वरचे बरेचसे लागू झाले नसते. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, तेव्हा पुढच्या सभेत आधी मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या, आणि मजकूर व सह्या यांच्यामध्ये जागा उरली असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारून मगच सही करा.