रामदास बोट खडकावर आपटून बुडाली होती का?

नाही, आपटून नव्हे. लाटांनी कलंडून बुडाली. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारीच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ही प्रवासी बोट अलिबागजवळच्या रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळात पाणी आत शिरलं, माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि बोट आडवी झाली. खडकाचं नाव प्रत्येक लेखात येतं, त्यातूनच हा गैरसमज झाला असावा. हे वाचलेल्यांच्या छापून आलेल्या हकिकतींवरून सांगतोय. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. रेवसच्या कोळ्यांनी जमतील तेवढे होड्यांत ओढून घेतले. बोट जुनाट होती असंही नाही, १९३६ ची बांधणी. मृतांचा आकडा मात्र ‘सहाशेच्या वर’ एवढाच धरा.