केस एक नाही, मग पैसे कशाचे?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, बँकेतनं रिटायर झालोय. माझी मुलगी सोशल वर्क शिकून कॅनडात गेली, सस्काचेवान म्हणून प्रांत आहे तिथं, आणि आता तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका समाजासाठी काम करते. परवा फोनवर सांगत होती की हे लोक स्वतःचा बालसंरक्षणाचा विभाग काढणार आहेत, अजून एक पण केस हातात नाही आणि तरी तयारीसाठी म्हणून सरकारकडनं फंड आलाय. दीड वर्ष नुसत्या मीटिंगा चालल्यात म्हणे. मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली, मला हे काही पटेना. काम नाही तर पैसे कशाचे? मी तसं बोललो तर पोरगी चिडली आणि फोन ठेवून दिला. जरा समजवून सांगा.

उत्तर : काका, तुमचा प्रश्न चुकीचा नाही पण पोरगी का चिडली ते मला कळलं, कारण ती जिथं बसलीय तिथला इतिहास फार वाईट आहे. कॅनडात शंभर वर्षांहून जास्त काळ मूळ रहिवाशांची पोरं घरातनं उचलून निवासी शाळेत कोंडायची पद्धत होती, दीड लाखाच्या आसपास मुलं त्यातनं गेली, स्वतःची भाषा बोलली तर मार खायची. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या 1990 च्या दशकात, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे, तुमची मुलगी ज्या आज्यांबरोबर मीटिंगला बसते त्यातल्या काही जणी त्याच शाळेत वाढलेल्या असणार. शाळा कमी होत गेल्या तसं बालकल्याण खातं पुढं आलं आणि पोरं उचलून गोऱ्या कुटुंबांत द्यायला लागलं. 2021 च्या जनगणनेत तिथल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूळ रहिवाशांची मुलं होती 7.7 टक्के, आणि पालक कुटुंबांत ठेवलेल्या मुलांमध्ये 53.8 टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

आता तुम्ही बँकेतले, म्हणून पैशाचंच सांगते. 2007 साली तिथल्या मानवाधिकार आयोगाकडं तक्रार गेली, सिंडी ब्लॅकस्टॉक या बाईंची संस्था आणि फर्स्ट नेशन्सची, म्हणजे या मूळ रहिवासी समाजांची, राष्ट्रीय संघटना अशा दोघांनी मिळून केलेली. न्यायाधिकरणाचा निकाल यायला 2016 उजाडलं. निकालात सांगितलं की सरकार राखीव वस्तीतल्या मुलांच्या सेवांना कमी पैसे देऊन भेदभाव करतंय आणि पैसे देण्याची रीतच अशी आहे की मूल घरातनं काढलं की त्याचा खर्च मिळतो, पण ते घरातच राहावं म्हणून आईबापाला आधार द्यायचा तर पैसे पुरत नाहीत. म्हणजे मूल उचलणं सोपं आणि घर सावरणं अवघड, हे हिशेबाच्या वहीतच ठरून गेलेलं. माझी सगळी नोकरी मुलांबरोबर झालीय, तो निकाल वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

मग 2019 साली कायदा झाला, 1 जानेवारी 2020 पासून लागू. त्यात मान्य केलं की आपल्या मुलाबाळांचा कारभार बघायचा हक्क या समाजांचा मूळचाच आहे आणि त्यांनी स्वतःचे कायदे करावेत. नुसत्या गरिबीपायी मूल घरातनं काढायचं नाही, आणि काढायची वेळ आलीच तर ठेवताना आधी आईबाप बघायचे, मग नातेवाईक, मग त्याच समाजातलं कोणीतरी, परक्याचा नंबर शेवटी, हे पण त्यात लिहिलंय. क्वेबेक नावाच्या प्रांताच्या सरकारनं त्याला कोर्टात आव्हान दिलं, पण 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो कायदा पूर्ण कायम केला.

आता मीटिंगांचं. समाजानं स्वतःचा कायदा केला की केंद्र आणि प्रांत सरकारबरोबर समन्वय करारासाठी बसायचं असतं आणि त्याला एक वर्षाची मुदत आहे, मनापासून प्रयत्न करून पण वर्षात करार झाला नाही तरी समाजाचा कायदा प्रांताच्या कायद्यावर चढ ठरतो. टेबलाच्या पलीकडं सरकारी वकिलांची फौज असते, अलीकडं दोन-तीन हजार वस्तीचं गाव. या गावाला वकील लागणार, आपली किती मुलं कुठल्या कुठल्या शहरात ठेवलीत ती यादी करावी लागणार, म्हाताऱ्या माणसांना गाडी करून आणून पूर्वी आपल्यात मूल कोण सांभाळायचं हे विचारून लिहून काढावं लागणार, पोरींना ट्रेनिंग, ऑफिस, रात्री फोन उचलायला माणूस. हे सगळं पहिल्या केसच्या आधी. याच तयारीसाठी आणि सल्लामसलतीसाठी म्हणून केंद्र सरकारनं 2020 च्या शेवटी पाच वर्षांसाठी 54 कोटी 20 लाख डॉलर जाहीर केले होते.

आपल्याकडं गावात दूध डेअरी काढतात तेव्हा काय होतं ते आठवा की. पहिला लिटर घालायच्या आधी सभासद गोळा करायचे, नोंदणी करायची, खोली बघायची, काटा आणि फॅटचं मशीन घ्यायचं, सेक्रेटरीला शिकायला पाठवायचं. तेव्हा कोणी म्हणतं का, दूध नाही तर मशीन कशाला? बिनमशीनची डेअरी काढली तर आठ दिवसात भांडणं लागतील आणि लोक म्हणतील, या गावाला डेअरी चालवायची अक्कलच नाही. तयारीला पैसे न देता मुलांची जबाबदारी अंगावर टाकली तर या समाजांबद्दल पण हेच बोललं जाईल, फक्त तिथं नासणार ते दूध नसेल.

एक माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. बरीच वर्षं झाली, राधानगरीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यातला सहा-सात वर्षांचा पोरगा आमच्याकडं आला, आई गेलेली, बाप दारूत. त्याची आत्या त्याला न्यायला तयार होती. तिसऱ्या दिवशी आली, डोक्यावर घोंगडं, फडक्यात नाचणीच्या दोन भाकऱ्या, पहाटे चालायला लागून खाली एसटी गाठलेली. तिच्याकडं रेशनकार्डाची झेरॉक्स नव्हती, नात्याचा दाखला नव्हता. परत जा, घेऊन ये. दुसऱ्यांदा आली तर मीटिंग पुढं ढकललेली. तिसऱ्यांदा ती आलीच नाही, तिकिटाला पैसे नव्हते हे मला फार नंतर कळलं. भाकरी तिनं पोराला तिथंच व्हरांड्यात भरवली होती, चुरून, गुळाबरोबर. तो पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत संस्थेत राहिला. त्याच्यावर दर महिन्याला खर्च होत होता की, पण आत्याच्या एसटीला आणि एका दाखल्याला पैसे कुठल्याच हेडखाली बसत नव्हते. काका, तुमची मुलगी ज्या फंडातनं पगार घेते ना, तो त्या आत्याच्या एसटीचा फंड आहे असं समजा, आणि तिला फोन करा.

प्रश्न : तयारीच्या नावाखाली पैसा खाल्ला जात नाही कशावरून? पुढं खरंच काही उभं राहिलं का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : उभं राहिलंय. सस्काचेवानमधल्याच काउएसेस फर्स्ट नेशनचं उदाहरण घ्या. त्यांनी स्वतःचा कायदा केला, 6 जुलै 2021 ला केंद्र आणि प्रांताबरोबर करार झाला, 2019 च्या कायद्याखालचा तो पहिला करार, आणि पहिल्या दोन वर्षांसाठी 3 कोटी 87 लाख डॉलर मिळाले. त्याच्या दोन आठवडे आधीच, 24 जूनला, त्यांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या जागेवरच्या जुन्या निवासी शाळेजवळ रडारनं तपासताना बिनखुणेच्या कबरींच्या 751 जागा सापडल्यात. म्हणजे एकाच महिन्यात त्या लोकांनी हे पण पाहिलं आणि ते पण.

हिशेब तर मागायलाच पाहिजे, गावच्या लोकांनी आधी मागायला पाहिजे. पण मला जास्त काळजी दुसरीच वाटते. त्या 2019 च्या कायद्यात हक्क मान्य केलाय, पैसे मात्र कलमानं बांधून दिलेले नाहीत, ते वाटाघाटीवर सोडलेत. तयारीला एकदा पैसे दिले आणि पुढं दरवर्षी हात पसरायला लागले तर चांगलं उभं राहिलेलं काम पण मोडतं, आपल्याकडच्या किती संस्था ग्रँट थकल्यामुळं बंद पडल्या ते मी पाहिलंय.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातला ग्रामपंचायत सदस्य. आमच्याकडं वाड्यावस्त्या भरपूर आहेत, आम्हाला असं काही करता येईल का?

उत्तर : तसाच कायदा आपल्याकडं नाही, दादा. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो, गावानं ठरवून खर्च करायचा, पण आपला कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही त्यामुळं ती वाट आपल्याला बंद. तरी गाव बाल संरक्षण समिती तुमच्याकडं कागदावर तरी असणारच, सरपंच, अंगणवाडी सेविका, आशाताई वगैरे. ती शेवटची कधी बसली ते रजिस्टर उघडून बघा. आणि वाड्यावर एखादी आजी किंवा आत्या अनाथ पोराला सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेतनं महिन्याला 2250 रुपये मिळतात, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, असलं तरी कागद गोळा होत नाहीत. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतनं दाखले, झेरॉक्स आणि जिल्ह्याला जायच्या प्रवासासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा. ठरावाचा मसुदा पाहिजे असेल तर पत्ता लिहून पाठवा, मी हातानं लिहून देते.