‘ग्रीक’ थॉमसन हे वास्तुविशारद कोण होते आणि ते कधी ग्रीसला गेले होते का?

अलेक्झांडर थॉमसन (1817–1875) यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलफ्रन या गावी झाला आणि त्यांची जवळजवळ सारी कारकीर्द ग्लासगो शहरात घडली. गंमत म्हणजे, ‘ग्रीक’ हे टोपणनाव मिळालेला हा माणूस ग्रीसलाच काय, ब्रिटनबाहेरही कधी गेला नाही. प्राचीन वास्तूंचे त्यांचे ज्ञान पुस्तकांतून आणि चित्रांतून आलेले होते. तरीही त्यांनी नुसती नक्कल केली नाही. सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरील चर्चमध्ये, तीव्र उतारावर उंच जोते बांधून त्यांनी त्यावर ग्रीक मंदिर उभे केले आणि शेजारी इजिप्तची आठवण करून देणारा मनोरा रचला. माझ्या मते हीच त्यांची सर्वोत्तम कृती होय. होमवुड हे निवासस्थान आणि ‘इजिप्शियन हॉल्स’ ही व्यापारी इमारतही त्यांचीच.

गॉथिक शैलीला, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय बांधकामशैलीला, त्यांचा ठाम विरोध होता. ग्लासगो विद्यापीठासाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केलेल्या गॉथिक आराखड्यावर त्यांनी 1866 मध्ये जाहीर व्याख्यानात कठोर टीका केली. (मुंबईचा राजाबाई टॉवर याच स्कॉट यांच्या आराखड्यावरून उभा राहिला.) थॉमसन यांचे क्वीन्स पार्क चर्च 1943 मध्ये बाँबहल्ल्यात नष्ट झाले, तर कॅलेडोनिया रोड चर्चचे 1965 च्या आगीनंतर केवळ अवशेष उरले आहेत.