‘पेट पीव्ह’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की मित्रमंडळी सिनेमावर गप्पा मारत ज्याची त्याची ‘पेट पीव्ह’, म्हणजे दर वेळी हमखास चीड आणणारी एखादी गोष्ट, सांगत होती आणि या ‘पेट पीव्ह’ला मराठी शब्दच सुचेना, तर ‘पाळीव चीड’ चालेल का, आणि ‘डोक्यात जातं’ हे हिंदीतून आलंय का?

पाळीव चीड नको, अगदी हात जोडून सांगतो. इंग्रजीत पीविश म्हणजे चिडखोर हे विशेषण जुनं, त्यातून ‘पीव्ह’ पाडला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, आणि पेट म्हणजे लाडका. म्हणजे लाडाने जपलेली चीड. मराठीत आपण चीड जपत नाही, आपल्याला ती येते, त्यामुळे नाम शोधत बसलं की असले बनावट शब्द हाताला लागतात. आपल्याकडे हे काम क्रियापद करतं, आणि ते म्हणजे डोक्यात जाणे.

यातली गंमत बघा, ‘मला त्याचा राग येतो’ यात येतो तो राग, पण ‘तो माझ्या डोक्यात जातो’ यात तो माणूसच उठून डोक्यात जातो! आणि काळ बघा, ‘परवा तो माझ्या डोक्यात गेला’ म्हणजे एकदाच काहीतरी झालं, ‘डोक्यात जातो’ म्हणजे दर वेळी, हमखास, आणि पेट पीव्हमध्ये हे हमखासपणच तर असतं. कर्ता नसला तरी चालतं. मालिकेत कोणी ‘माझी मदत कर’ म्हणालं की माझ्या डोक्यात जातं (अहो, ‘मला मदत कर’!).

हिंदीचा संबंध मला तरी दिसत नाही, शब्दाला शब्द ठेवून हिंदी केलंत तर हा अर्थ निघतच नाही. आपल्याकडे ‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ पहिल्यापासून आहे, त्यातली आग गळाली, मस्तकाचं डोकं झालं आणि आगीच्या जागी आग लावणारा आला, असं मला वाटतं. माझी आजी ‘तिडीक जाते मस्तकात’ म्हणायची, तिडीक म्हणजे मुळात सणक, ठणका, त्यामुळे नामच हवं असेल तर तिडीक घ्या.

बाकी शब्द जवळचे आहेत पण ते नव्हेत. खटकणं सौम्य, दुकानाच्या पाटीवरचं चुकीचं शुद्धलेखन खटकतं. खुपण्यात थोडा मत्सर असतो, शेजाऱ्याची नवी गाडी खुपते. शिसारी अंगावर येते, तिथे रागापेक्षा किळस जास्त. आणि डोक्यात जाणे आणि डोक्यावरून जाणे यात घोळ करू नका, डोक्यावरून जातं ते न कळलेलं असतं.

आता एक गोष्ट प्रश्नात नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्या रविवारी भाचीबरोबर सिनेमाला गेलो होतो, पुढे एक उंच गृहस्थ, मागे दोघीजणी पुढे काय होणार ते एकमेकींना सांगतायत, शेजारचा फोन उघडाच, त्याचा निळा उजेड थेट माझ्या चष्म्याच्या काचेवर. मध्यंतरात भाचीने पॉपकॉर्नच्या बिलामागे पेनने लिहून दिलं:

पुढचं डोकं हलेना,
मागचं तोंड मिटेना,
बाजूचा फोन विझेना,
सिनेमा काही कळेना!

बडबडगीतच, पण व्याकरण किती पक्कं आहे. ‘हलत नाही’ लिहिलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती, ‘हलेना’ म्हटलं की आपण वाट बघतोय, मान तिरकी करून बघतोय, खाकरून बघतोय आणि तरी ते डोकं जागचं हलत नाही हे सगळं त्या एका ‘ना’मध्ये येतं. दार उघडेना, पोर झोपेना, पाऊस थांबेना. आणि ओळीच्या शेवटी आला की यमक आपोआप जमतं, म्हणून तर आपल्या बडबडगीतांत हे रूप इतकं दिसतं. हल्ली लिहिताना लोक ते टाळतात, सरसकट ‘होत नाहीये’ लिहितात, आणि खरं सांगू, ते माझ्या डोक्यात जातं.

तेव्हा मित्रांना सांगा, यादीला मथळा द्या ‘माझ्या डोक्यात जाणाऱ्या गोष्टी’, आणि खाली एकेक ओळ ‘ना’ने संपवून बघा.