‘डिकलोनियल’ म्हणजे ‘उत्तर-वसाहतवादी’ का?

प्रश्न असा: ‘डिकलोनियल’ विचारासाठी, म्हणजे परकी राजवट गेल्यावरही मागे उरलेल्या उतरंडीला हात घालणाऱ्या विचारासाठी, भाषांतरात ‘उत्तर-वसाहतवादी विचार’ म्हटले तर चालेल का?

चालणार नाही. तो शब्द ‘पोस्टकलोनियल’साठी रुळला आहे, आणि खरे तर त्या जागीही फसवा आहे. मराठीत आधी येणारा ‘उत्तर’ बहुधा त्याच गोष्टीचा शेवटचा भाग दाखवतो. ‘उत्तर पेशवाई’ म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा काळ नव्हे, तिचाच उतरता काळ. ‘नंतरचा’ म्हणायचे तर आपण ‘उत्तर’ मागे लावतो: स्वातंत्र्योत्तर, युद्धोत्तर, साठोत्तरी. म्हणून ‘पोस्टकलोनियल’ला ‘वसाहतोत्तर’ बरा. ‘वसाहत’ तत्सम नाही, मग संधी कशी, असे कोणी विचारील. पण ‘वासाहतिक’मधली आदिवृद्धी (पहिल्या ‘व’चा ‘वा’) पचवल्यावर एवढ्यावर अडायचे कारण नाही.

‘डिकलोनियल’ची खरी गाठ वेगळी आहे. पेरूचे समाजशास्त्रज्ञ अनिबाल किहानो यांनी १९९२ च्या सुमारास वसाहतवाद आणि ‘कलोनिअ‍ॅलिटी’ यांत भेद केला. वसाहतवाद म्हणजे परक्यांची राजवट. ती संपल्याची तारीख देता येते. पेरूने १८२१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. पण वंशावरून माणसांची उतरंड, कोणाच्या श्रमाला मजुरी आणि कोणाचे श्रम फुकट, कोणाचे ज्ञान ‘ज्ञान’ आणि कोणाची नुसती ‘समजूत’, हे सगळे मागे राहिले. पेरूत १९७९ ची राज्यघटना येईपर्यंत निरक्षरांना मताचा हक्क नव्हता, आणि निरक्षरांत आदिवासी भाषा बोलणारे मोठ्या संख्येने होते. स्पॅनिश राजवट जाऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. हे जे उरते ते ‘वासाहतिकता’, आणि ‘डिकलोनियल’ विचार तिलाच भिडतो. तिलाही ‘वसाहतवाद’च म्हटले, तर ‘वसाहतवाद संपला, वसाहतवाद उरला’ असे हास्यास्पद वाक्य तयार होते. अशा भाषांतरांत नेमके इथेच बिघडते.

‘निर्वसाहतीकरण’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत सत्तांतरासाठी स्थिरावला आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तो त्याचाच भाग. त्याला धक्का लावू नये. ‘डिकलोनियल’साठी मी ‘निर्वसाहती’ सुचवीन आणि पहिल्या उल्लेखात शेजारी ‘डिकलोनियल’ लिहीन. ‘निर्वासाहतिक’ टाळा, घाईत ‘निर्वासित’ वाचले जाते. ‘विवसाहती’त दोन ‘व’ जिभेला अडतात, शिवाय ‘वि’ म्हणजे ‘विशेष’ की ‘विना’ हा घोळ. उपसर्गाचा वाद आपल्याकडेच आहे असे नाही: इक्वेडोरमध्ये काम केलेल्या या विचारातल्या अभ्यासक कॅथरीन वॉल्श स्पॅनिशमध्ये ‘देस्कोलोनियल’मधला ‘स’ मुद्दाम गाळतात, कारण ‘देस’ म्हटले की केलेले नुसते उलटवून पूर्वस्थितीला जायचे असे वाटते.

‘वसाहतवादविरोधी’ हा पर्यायही नको. दादाभाई नौरोजींच्या १९०१ च्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच हिंदुस्थानातले राज्य ‘अन्-ब्रिटिश’ असल्याची तक्रार आहे. लुटीवरचा हल्ला सणसणीत, पण मोजपट्टी ब्रिटिशांचीच. तो वसाहतवादविरोधी खरा. निर्वसाहती विचार त्या मोजपट्टीलाच हात घालतो.

आता या विचारात वारंवार येणारा दुसरा शब्द, ‘युरोपकेंद्री आधुनिकता’. ‘युरोपीय आधुनिकता’ म्हणजे युरोपात घडलेली; ‘युरोपकेंद्री’ म्हणजे स्वतःचे माप जगाचे माप म्हणून खपवणारी. याच विचारातले तत्त्वज्ञ एन्रिके दुसेल यांचा मुद्दा असा की आधुनिकतेची सुरुवात प्रबोधनापासून नव्हे, १४९२ पासून, कोलंबस अमेरिकेला पोचला तेव्हापासून, मोजावी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या ‘मी विचार करतो’च्या आधी ‘मी जिंकतो’ येऊन गेले होते. भाषांतरात ‘मॉडर्निटी’ला ‘आधुनिकतावाद’ लिहू नका, तो साहित्य-कलेतला ‘मॉडर्निझम’. ‘आधुनिकीकरण’ म्हणजे कारखाने, रस्ते, शाळा, तेही वेगळे.

आणि एक. आपल्याकडे ‘निर्वसाहती’ हा ‘इंग्रजांच्या आधीचे सगळे चांगले’ अशा अर्थाने वापरायची खोड वाढते आहे. किहानोंच्या मांडणीत तसे काही नाही. शिवाय जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती इंग्रजपूर्व उतरंडीबद्दल. अर्पणपत्रिका मात्र अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. त्या अर्थासाठी सरळ ‘पुनरुज्जीवनवादी’ लिहावे. शब्द तयार आहे.