कॅसेटला मराठीत काय म्हणायचं: ध्वनिफीत, ध्वनिमुद्रिका की टेप?

तुम्ही १९९० च्या सुमाराची, तालुक्याच्या गावातली कथा लिहिताय आणि पात्रांच्या तोंडी कॅसेटला ‘ध्वनिफीत’ म्हणावं की ‘ध्वनिमुद्रिका’, असं विचारलंय. दोन्ही नको. कॅसेटला आम्ही कॅसेटच म्हणायचो, आणि आमची आजी ‘क्याशेट’. अनेकवचन कॅसेटी. ‘कॅसेट्स’ म्हणणारा पाहुणा मुंबई-पुण्याचा समजायचा.

हे ठामपणे सांगतोय, कारण कॉलेजच्या दोन सुट्ट्या मी अशाच एका गावात कॅसेटच्या दुकानात काढल्यात. दारावर पाटी होती, ‘आवडीची गाणी भरून मिळतील’. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचं. आमचा पहिला प्रश्न, “साठची का नव्वदची?” म्हणजे किती मिनिटांची. साठच्या कॅसेटमध्ये एका बाजूला ३० मिनिटं, त्यात साधारण सहा गाणी बसायची. कुणी हट्टानं सातवं घालायला लावलं की ते हमखास मध्येच तुटायचं आणि मग तेच गिऱ्हाईक भांडायला यायचं. नव्वदच्या कॅसेटमध्ये गाणी जास्त मावायची, पण तिची टेप पातळ, लवकर गुंतायची.

या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे ‘भरणे’. माठ भरावा, पोतं भरावं तशी कॅसेट भरायची. “ध्वनिमुद्रण करून द्या” असं म्हणणारा एकही माणूस मला त्या दुकानात भेटला नाही. कोरी कॅसेट, भरलेली कॅसेट, आणि जुन्यावर नवं घातलं की ‘वर भरलं’. हे ‘वर भरणं’ मला एकदा चांगलंच महागात पडलं. एका काकांनी कॅसेट दिली, मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. आत त्यांच्या वडिलांचं भजन होतं. त्यांच्या मुलानं घाईत त्यांच्या हाती चुकीची कॅसेट दिली होती. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन जिभल्या असतात; ज्या बाजूची जिभली मोडली, त्या बाजूला रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. त्यांनी मोडली नव्हती, मी विचारलं नव्हतं. काका काही बोलले नाहीत, पैसे ठेवून निघून गेले. त्यानंतर जिभली शाबूत दिसली की मी आधी दोन्ही बाजू लावून बघायचो.

आता ‘टेप’. इथे लिंग सांभाळा, नाहीतर वाचक हसेल. ‘तो टेप’ म्हणजे टेपरेकॉर्डर: “टेप लाव जरा”, “मामानं नवा टेप घेतला”. ‘ती टेप’ म्हणजे आतली तपकिरी पट्टी: “टेप गुंतली”, “टेप तुटली”. त्यामुळे “टेपनं टेप खाल्ली” हे वाक्य आमच्याकडे अगदी सरळ अर्थाचं होतं. मग ती हळूच बाहेर ओढायची आणि चाकात सहा कडांची पेन्सिल घालून गुंडाळायची. चाकाला आतून दात सहाच असतात, म्हणून पेन्सिल नेमकी बसते.

‘ध्वनिफीत’ होतीच, पण निमंत्रणपत्रिकेत आणि व्यासपीठावर. ‘भक्तिगीतांच्या ध्वनिफितीचे प्रकाशन’ असं छापायचे आणि प्रकाशन झालं की तेच लोक “कॅसेट केवढ्याला?” विचारायचे. (छापताना ‘ध्वनीफीत’ अशी चूक ठरलेली, समासात नि ऱ्हस्व.) गंमत म्हणजे हा शुद्ध वाटणारा शब्द अर्धा परदेशी आहे. ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’वरून आलीय, चावी आणि बटाट्यासारखीच. ब्राझीलमध्ये कॅसेटला ‘फिता कासेते’च म्हणतात. म्हणजे आपल्या भाषांतरकारांनी नकळत मूळ मालकांचाच शब्द उचलला. ‘कॅसेट’ मात्र मुळात फ्रेंच, अर्थ छोटी पेटी. फिलिप्सनं १९६३ मध्ये ती पेटी बाजारात आणली. तेव्हा काटेकोर बोलायचं तर पेटी ती कॅसेट आणि आतली पट्टी ती फीत.

‘ध्वनिमुद्रिका’ वेगळीच. ती ग्रामोफोनची रेकॉर्ड, बोलण्यात तबकडी. कॅसेटसाठी तो शब्द कुणी वापरला असेल तर तो सूत्रसंचालकाचा उत्साह.

एक मात्र आहे. बोलण्यात कधी न रुजलेली ध्वनिफीत आज वर्तमानपत्रांत जोरात आहे. मोबाइलवरचं संभाषण बाहेर आलं की ‘कथित ध्वनिफीत’, व्हिडिओ असला तर ‘चित्रफीत’ किंवा ‘ध्वनिचित्रफीत’. मोबाइलमध्ये फीत औषधालाही नसते, तरी शब्द टिकला.

वाक्प्रचार हवे असतील तर: “झाली याची टेप सुरू” लांबण लावणाऱ्यासाठी, “तीच कॅसेट किती वेळा लावशील?” पुन्हा पुन्हा तेच सांगणाऱ्यासाठी. एकाच वाक्यावर अडलेल्याला मात्र “रेकॉर्ड अडकली” म्हणा. कॅसेट अडकत नाही, ती गुंतते.

तुमच्या कथेत कुठे प्रकाशन सोहळा असेल तर तिथे पाहुण्याच्या भाषणात ध्वनिफीत खुशाल घाला. मंडपाबाहेर टेबल मांडून बसलेल्या पोराच्या तोंडी मात्र, “काका, कॅसेट पंचवीसला, पालटून दोन्ही बाजू ऐकून घ्या.”